खुळखुळ्यावरचा पतंग

मंडळी, पतंग म्हटलं की आपल्याला रात्री दिव्यावर झेपावणारा मळकट किडा आठवतो. आजचा आपला पतंग तसा नाही. दिव्यावर तोही येतो म्हणा, पण भर उन्हातही बिनधास्त उडतो. पांढरे पंख, त्यांवर लाल-काळे ठिपके, आणि आकार जेमतेम बोटाच्या पेराएवढा. लिनियसने १७५८ साली त्याला ‘पुल्चेला’ म्हटलं, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सुंदरशी’. आजचं पूर्ण नाव युटेथीसा पुल्चेला. वरळीत एखाद्या पडीक जागेवर खुळखुळा किंवा भुरुंडी उगवली असेल, तर तिथे त्याला शोधावं.

आता हा एवढा निर्धास्त कसा? उत्तर खुळखुळ्यात आहे. वाळल्यावर शेंगा वाजतात म्हणून खुळखुळा. या झाडात कडू, विषारी अल्कलॉइड असतात. अळी पानं आणि शेंगांतल्या बिया खाते, विष अंगात साठवते, आणि ते पंख फुटल्यावरही टिकतं. ठिपके म्हणजे एक प्रकारची पाटीच: खाऊ नका. याच्या अमेरिकन भावंडावर थॉमस आइस्नर यांनी काम केलं. त्यांना दिसलं की कोळ्याच्या जाळ्यात हा पतंग अडकला, तर कोळी स्वतःच धागे तोडून त्याला सोडून देतो! शिवाय नर मीलनाच्या वेळी मादीला विषाचा वाटा देतो आणि ती तो अंड्यांना देते. बापाकडून मिळालेलं संरक्षण, दुसरं काय.

मुंबईत अशा जिवांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती १८८३ च्या आसपास. त्या सप्टेंबरात आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतले कर्नल स्विन्हो हे पतंग-फुलपाखरांचे जाणकार. १८८५ साली त्यांचा मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांवरचा लेख लंडनला छापून आला. पण आठांत दोन आपले होते, आणि दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुनांनी १८७९ मध्ये मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली होती. १८८५ मध्येच ते गेले. हा माणूस आणखी वीस वर्षं जगता तर सोसायटीतलं झाडांचं काम कुठवर गेलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

माझं मत असं, की इथेच एक फाटा फुटला. झाडाची नावं लोकांकडे होती, कारण औषध करायचं असे. पतंगाच्या नावावाचून कोणाचं अडत नव्हतं. म्हणून खुळखुळा, भुरुंडी आजही मराठीत आहेत, आणि त्यांवर वाढणारा जीव मात्र लॅटिनमध्येच राहिला. तेही लॅटिन सरळ नाही हो! १९०७ साली हॅम्पसन यांनी अगदी असाच दिसणारा दुसरा पतंग वेगळा काढला, पुल्चेलॉइडिस. म्हणजे त्याआधीच्या चिठ्ठीवर नुसतं पुल्चेला लिहिलेलं असेल, तर तो नमुना पुन्हा पेटीतून काढून तपासावा लागतो.