आईच्या हाडांतलं जुनं शिसं

शिसं शरीरात शिरलं की कॅल्शियमच्या जागेवर, हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं मुक्काम करतं.

बाळ अंगावर पीत असताना दुधावाटे रोज सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. त्यातलं बरंचसं हाडांतून निघतं. पहिल्या सहा महिन्यांत हाडांची घनता ३ ते ५ टक्के घटते, दूध सोडवल्यावर भरून येते. पण कॅल्शियमबरोबर जुनं शिसंही रक्तात उतरतं.

हे कळलं कसं? वेगवेगळ्या खाणींतल्या शिशाचा अणूंच्या पातळीवरचा ठसा वेगळा असतो. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन यांनी पूर्व युरोपातून नुकत्याच आलेल्या बायकांचं रक्त तपासलं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर त्यात मायदेशाचा ठसा असलेलं शिसं वाढलं. ते हाडांतूनच आलं होतं. १९९७-९८ च्या त्यांच्या निबंधांनुसार गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतर ते जास्त सुटतं.

आता आपल्याकडे या. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. मी कुरखेड्याची. इथे तेव्हा पेट्रोलच्या गाड्या मोजक्याच. पण नागपूरच्या धुरात वाढलेली मुलगी लग्न होऊन इथे आली असेल, तर तिच्या हाडांत तो धूर २००० नंतरही होता. तुमची आई त्या पिढीतली असेल, तर ही तुमच्याही घरची गोष्ट आहे.

म्हणून अंगावरचं दूध घातक का? नाही. आईच्या रक्तातल्या शिशाचा अगदी लहान अंश दुधात उतरतो आणि दुधाचे फायदे त्याहून कितीतरी मोठे आहेत. प्रश्न आईच्या ताटाचा आहे. मेक्सिको सिटीत पाजणाऱ्या आयांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा दुधातलं शिसं ५ ते १० टक्क्यांनी कमी झालं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

आमच्या धानाच्या मुलखात भात भरपूर, आणि तरोट्याची भाजी, शेवग्याचा पाला, तीळ, सुकट यांतून कॅल्शियमही मिळतं. तरी बऱ्याच घरांत बाळंतिणीला ‘हे नको, ते नको’ची पथ्यं असतात. ती पाळताना मला एवढंच विचारावंसं वाटतं: ताटातून काढलेलं कॅल्शियम शरीर आणणार कुठून? हाडांतूनच. आणि हाडांत काय काय साठलंय, ते तिलाही ठाऊक नसतं.