शाळिग्राम खरा, पत्ता खोटा

आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत, तळहातावर मावणारा. तो गंडकी नदीतला, नेपाळातल्या मुक्तिनाथाच्या बाजूचा, असं आपल्याला आजोबांनी सांगितलेलं असतं आणि आजोबांना त्यांच्या आजोबांनी. भूशास्त्रज्ञ त्याला अमोनाइट म्हणतात. त्यावरचं चक्र हा एका समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. तो प्राणी कधीच नामशेष झाला. आज हिमालय जिथं उभा आहे तिथं एके काळी टेथिस नावाचा समुद्र होता, त्याची ही आपल्या घरातली खूण.

हा शाळिग्राम खरोखर गंडकीतलाच आहे का, याची शहानिशा करायला कुणी नेपाळला जात नाही. जायचं कारणही नाही. भक्तीला पत्ता लागत नाही, विज्ञानाला लागतो. जीवाश्म कोणत्या डोंगरात, कोणत्या थरात मिळाला हे ठाऊक नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीनं तो शोभेचा दगड. ज्या प्रकरणाविषयी मला आज बोलायचं आहे, त्यात दगड खरेच होते. पत्ते खोटे होते.

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग नावाजलेला. १९६०च्या दशकात या विभागात विश्वजित गुप्ता नावाच्या तरुण संशोधकानं हिमालयातल्या जीवाश्मांवर लिहायला सुरुवात केली. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांचे लेख येतच राहिले. त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. काश्मीर, लाहौल-स्पिती, कुमाऊँ, नेपाळ, भूतान, कुठलाही प्रदेश घ्या, तिथल्या जुन्या खडकांबद्दल काही वाचायचं तर गुप्तांचा संदर्भ चुकवता येत नसे. एवढ्या दुर्गम मुलखात इतरांना महिनोन् महिने हिंडून जे सापडत नव्हतं, ते गुप्तांना वर्षाकाठी दहा-पंधरा लेखांना पुरेल इतकं सापडत होतं. याचं नवल वाटायला हवं होतं. बहुतेकांना कौतुक वाटलं.

या जीवाश्मांपैकी एका प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोष्ट पुष्कळशी त्यावरच फिरते. त्याचं नाव कोनोडाँट. माशासारख्या दिसणाऱ्या एका लहानशा प्राचीन प्राण्याच्या तोंडातले हे दातांसारखे भाग. आकार जेमतेम मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहून कमी. ते मिळवायचे तर चुनखडीचा दगड किलो-किलोनं आणायचा, सौम्य आम्लात दिवस न् दिवस भिजत ठेवायचा, तळाशी राहिलेला गाळ चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्यानं एकेक कण वेचायचा. कधी किलोभर दगडात शेकडो निघतात, कधी एकही नाही. हे प्राणी काळाबरोबर भराभर बदलत गेले. त्यामुळे अमुक जातीचा कोनोडाँट सापडला की खडकाचं वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. म्हणून भूशास्त्रज्ञांना त्यांचं मोल फार. आणि हजारभर कोनोडाँट एका काडेपेटीत मावतात, हेही लक्षात ठेवा.

जॉन टॅलेंट हे ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले पुराजीवशास्त्रज्ञ. ते स्वतः हिमालयात हिंडलेले होते. गुप्तांचे लेख वाचताना त्यांना खटकायला लागलं, ते असं की जिवंतपणी एकमेकांच्या वाऱ्यालाही न गेलेले, वेगवेगळ्या काळांतले प्राणी या लेखांत एकाच खडकात नांदत होते. ठिकाणांची वर्णनं मोघम होती. दुसरा माणूस त्याच भागात गेला तर त्याला ते थर सापडत नव्हते. मग टॅलेंट यांनी वेगवेगळ्या लेखांतली छायाचित्रं शेजारी शेजारी मांडली. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणांहून आलेले म्हणून छापलेले नमुने प्रत्यक्षात एकच होते. तोच दात, तीच चीर, तोच तुटका कोपरा.

हे नमुने मुळात कुठले, याचाही त्यांनी माग काढला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ ॲम्सडेल क्रीक नावाचा ओढा आहे. तिथला डेव्होनियन काळातला, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या जमान्यातला एक थर कोनोडाँटसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध. गुप्तांचे ‘हिमालयातले’ कोनोडाँट या ओढ्यातल्या कोनोडाँटशी जातीनं तर जुळत होतेच, पण त्यांचं मिश्रण, त्यांची झीज हेही जुळत होतं. अमोनॉइड, म्हणजे आपल्या शाळिग्रामाचे दूरचे पूर्वज, मोरोक्कोतल्या एर्फूदजवळच्या वाळवंटातल्या अमोनॉइडशी जुळत होते. एर्फूदचे जीवाश्म आजही परदेशातल्या दुकानांतून घासूनपुसून विकायला ठेवलेले दिसतात.

१९८७ साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात डेव्होनियन काळावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. टॅलेंट बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, एका बाजूला हिमालयातले म्हणून छापलेले अमोनॉइड आणि दुसऱ्या बाजूला मोरोक्कोचे. गुप्ता स्वतः सभागृहात बसलेले होते. परिषदांमध्ये एरवी टीका होते ती ‘मला वाटतं याचा पुन्हा विचार व्हावा’ अशा शेलक्या शब्दांत. इथं एका माणसानं दुसऱ्याच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, हे खोटं आहे असं म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी टॅलेंट आणि तीन सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका संशोधनमालेत सविस्तर तपासणी छापली. २० एप्रिल १९८९ला लंडनच्या ‘नेचर’मध्ये टॅलेंट यांचा लेख आला आणि प्रकरण जगभर झालं. गुप्तांनी आरोप फेटाळले, ‘नेचर’मध्येच उत्तर दिलं. त्यावर इतरांची उत्तरं आली. परदेशी माणूस भारतीय विज्ञानाला बदनाम करतो आहे, असं समजून घेणं अशा वेळी सोपं असतं, आणि आपल्याला ते आवडतंही. पण १९८८च्या त्या तपासणीवर ज्या चौघांची नावं होती, त्यांतले दोघे, गोयल आणि जैन, भारतीयच होते. गुप्तांच्या विरोधात लिहिणाऱ्यांत त्यांच्याच विभागातले अरुणदीप अहलुवालिया होते, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे उदय बस्सी होते. अहलुवालिया तर एके काळचे सहलेखक. विभागातल्या माणसाच्या विरोधात, त्याच विभागात रोज जाऊन बसत असताना लिहिणं म्हणजे काय, ते कुठल्याही महाविद्यालयात नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मला या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती सहलेखकांची. गुप्तांच्या लेखांवर इतरांची नावं असत, आणि ती लहान नावं नव्हती. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातले नामवंत तज्ज्ञ त्यांत होते. हे घडायचं असं. गुप्ता नमुने पाठवीत. तज्ज्ञ आपल्या प्रयोगशाळेत बसून जात ओळखत, वर्णन लिहीत, छायाचित्रं काढत. ते काम प्रामाणिक असे आणि बहुधा बिनचूकही. नमुना कुठून आला, एवढंच गुप्ता सांगत. लेखातलं बाकी सगळं तपासता येण्याजोगं होतं. जे तपासता येत नव्हतं ती पत्त्याची एक ओळ, आणि खोटं नेमकं तिथं होतं. सीमेजवळच्या, परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही अशा मुलखातला नमुना घरबसल्या हातात येतो, वर लेखावर आपलंही नाव लागतं. तज्ज्ञांनी विचारायला हवं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. पॅरिसचे फिलीप जानव्हिए हे जीवाश्म मत्स्यांचे जाणकार. तेही एके काळी गुप्तांचे सहलेखक होते. १९८९ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये आपला विश्वास कसा उडाला ते जाहीरपणे लिहिलं. असं लिहिणारे थोडे. गप्प राहिलेले जास्त.

मग संपादक काय करत होते? १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं. विज्ञानाच्या नियतकालिकांची परंपरा तिथून मोजतात. त्या सोसायटीचं ब्रीदवाक्य लॅटिन आहे. त्याचा अर्थ, कुणाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नका. गंमत अशी की नियतकालिकांचं सगळं गाडं शब्दावर विसंबूनच चालतं. लेख आला की संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो. ते बिनमोबदला वाचतात, युक्तिवाद बरोबर आहे का, आकृत्या नीट आहेत का, जुने संदर्भ आलेत का, ते बघतात. दगड त्यांच्यापुढे नसतो. आम्लाची बादली त्यांनी पाहिलेली नसते. लेखक खोटं बोलत असेल, ही शक्यता त्या पद्धतीत धरलेलीच नाही. गुप्तांचे लेख शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. एका संपादकाच्या टेबलावर एक लेख येई, आणि एकटा लेख निर्दोष दिसे. सगळे एकत्र ठेवले तरच तो दात पुन्हा पुन्हा डोकावत होता.

विद्यापीठानं काय केलं? गुप्तांना निलंबित केलं, निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी करवली. १९९४मध्ये चौकशीत आरोप सिद्ध झाले. पण नोकरी गेली नाही. गुप्ता विद्यापीठात राहिले आणि २००२ साली रीतसर निवृत्त झाले.

हे जुनं प्रकरण आज कशाला, असं कुणी म्हणेल. गुप्तांच्या काळी खोटं छापायला निदान कोनोडाँट लागत होते. आता तेही लागत नाहीत. २०१०च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांना जोडल्या. छापील लेखाला गुण मिळू लागले आणि लेख छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. पैसे भरा, आठवड्याभरात लेख छापून मिळेल. कोणती नियतकालिकं ग्राह्य, याची यादी आयोगानं केली, तर ती दुकानं यादीतच शिरली. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी तपासून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्या आणि मान्यवर सूचींत नसलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल निघाली. शिफारस विद्यापीठांची होती, हे विसरू नका. मग नवी यादी ठेवण्याचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात सुरू झालं. ‘केअर’ नावानं ती २०१९मध्ये आली. २०२५मध्ये आयोगानं तीही बंद केली आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर टाकली. म्हणजे ज्यांनी आधी शिफारशी केल्या होत्या त्यांच्यावरच. जगातही फार वेगळं नाही. २०२३ या एका वर्षात दहा हजारांवर शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांतले आठ हजारांच्या वर हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेचे.

मागे घेतलेल्या निबंधावर आज संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना दिसते. गुप्तांच्या लेखांना ती सोय नव्हती. ते छापील अंकांत होते, जगभरच्या ग्रंथालयांच्या कपाटांत. त्यांच्यावर विसंबून दुसऱ्यांनी नकाशे काढले, खंडांच्या सरकण्याविषयी अनुमानं बांधली. त्या अनुमानांवर तिसऱ्यांनी आणखी काही बांधलं. हिमालयात प्रामाणिकपणे हिंडलेल्या माणसाची निरीक्षणं गुप्तांच्या ‘शोधां’शी जुळली नाहीत, तर शंका घेतली जाई ती त्या माणसावर.

हा घोळ निस्तरायचा कुणी? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे गॅरी वेबस्टर हे समुद्रलिलींच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ, आणि गुप्तांचे सहलेखक. १९९१ साली त्यांनी ‘जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी’मध्ये गुप्तांच्या १९७१ ते १९८९ या काळातल्या अशा लेखांचं मूल्यमापन छापलं. १९९३मध्ये रेक्सरोड आणि टॅलेंट यांच्याबरोबर कोनोडाँटवरच्या लेखांचं तसंच मूल्यमापन केलं. वाचायला ते अत्यंत कंटाळवाणं काम आहे. नवा शोध त्यात एकही नाही. एकेक लेख घ्यायचा, एकेक नमुना घ्यायचा आणि कशावर विसंबता येत नाही ते लिहून ठेवायचं. त्या लेखांमध्ये वेबस्टर यांचं स्वतःचं नाव असलेले लेखही होते.