प्रश्नांचा कागद आणि शिकणारे यंत्र

भगिनींनो, वर्षातून एकदा तरी आशाताई कागद घेऊन आपल्या दारी येतात. तळहाताला, तळपायाला मुंग्या येतात काय? अंधुक दिसते काय? हातातली वस्तू निसटते काय? चालताना पाय अशक्त वाटतात काय? यांतले बरेच प्रश्न मुख्यतः कुष्ठरोग हुडकण्यासाठी आहेत. परंतु ह्याच तक्रारी आणखी एका दुखण्याच्याही असतात. त्या दुखण्याचा आणि अशा कागदांचा इतिहास आपणांस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या दुखण्याचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर असते. शरीराची संरक्षक शक्तीच उलटून हे आवरण कुरतडू लागते आणि निरोप नीट पोहोचत नाहीत. पुरुषांहून स्त्रियांना हा विकार दुपटीहून अधिक होतो, आणि तोही बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे ऐन संसाराच्या वयात. त्रास येतो, काही आठवड्यांनी ओसरतो. म्हणून घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल.

आपल्या खानदेशात आणखी एक घोटाळा होतो. जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० साली नोंदविले की, श्रम झाल्यावर अशा रुग्णांची दृष्टी थोडा वेळ मंदावते. अंगातली उष्णता वाढणे हे त्याचे कारण, हे पुढे उमगले. एके काळी तर निदानासाठी रुग्णास ऊन पाण्यात बसवीत! आता जळगाव-धुळ्याचा मे महिना आठवा. शेतात किंवा चुलीपाशी बाईला अंधारी आली, तर 'ऊन लागले' यापलीकडे कोण विचार करणार?

प्रश्नावलीची कल्पनाही जुनीच. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९४९ साली १९५ प्रश्नांचा कागद तयार केला; रुग्णाने 'होय' किंवा 'नाही' एवढेच लिहावयाचे. त्यांनीच १९५९ साली ती उत्तरे गणकयंत्रास देऊन रोग ओळखण्याचा प्रयोग केला. आज ज्याला मशीन लर्निंग म्हणतात, त्याचे हे बाळपण.

आपल्याकडे मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४,०१० माणसांची दारोदार पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी प्रथम प्रश्न विचारावेत आणि ज्यांच्या उत्तरांत संशय दिसेल त्यांनाच मेंदूतज्ज्ञांनी तपासावे, अशी ती पद्धत होती. डॉ. नोशीर वाडिया यांच्या अभ्यासाने १९९० साली दाखविले की, थंड देशांचा समजला जाणारा हा विकार मुंबईच्या पारशी समाजातही चांगलाच आढळतो.

आता यंत्राची गोष्ट. हजारो रुग्णांची आणि निरोगी माणसांची उत्तरे यंत्रापुढे ठेवली की कोणत्या तक्रारी जोडीने येतात हे ते शिकते व नव्या कागदावरून संशय सांगते. पण हिशेब नीट समजून घ्या. समजा, लाख बायकांत दहा जणी आजारी आहेत. यंत्राने त्यांतल्या नऊ ओळखल्या आणि निरोगी शंभरांत केवळ दोघींवर चुकीचा संशय घेतला, तरी सुमारे दोन हजार जणी उगाच धास्तावतील. म्हणून यंत्राचा शब्द हे निदान नव्हे. निदान करावयाचे ते तज्ज्ञाने, तपासून आणि एम.आर.आय. पाहून. मुंग्या तर मधुमेहाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येतात.

दुसरे असे की, यंत्र शिकते ते उत्तरांवरून. परदेशच्या उत्तरांवर शिकलेल्या यंत्राला आपला उन्हाळा काय ठाऊक? आणि आपणच दारातून 'काही नाही हो, सगळे ठीक' असे म्हणून कागद परत धाडला, तर आपल्या सासुरवाशिणीचे दुखणे त्यात येणार तरी कोठून? लवकर औषध सुरू झाले तर पुढचे अपंगत्व पुष्कळ लांबविता येते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या विकाराची गणना आहे.

तेव्हा भगिनींनो, यंदा आशाताई आल्या की त्यांना पाणी द्या, बसावयास पाट द्या, आणि सुनेला आपले उत्तर आपल्या तोंडाने देऊ द्या.