पुढची चार हात जमीन

आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं भोज हे वेदगंगा-दूधगंगेच्या संगमाजवळचं गाव. आचार्य शांतिसागर महाराज इथल्याच पाटील घराण्यातले, जन्म १८७२ चा. गृहस्थ असताना ते शेतातली पाखरं हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असं आमच्याकडे सांगतात. पुढे १९२७-२८ मध्ये ते संघासह सम्मेदशिखरजीला गेले, पायी.

रेल्वे तेव्हाही होती. पण मुनींना ईर्यासमिती पाळायची असते. दिवसाउजेडीच, पुढची चार हात जमीन बघत चालायचं. मुंगी, किडा, कोवळं गवत पायाखाली येऊ नये म्हणून. पावसाळ्यात जीवजंतू वाढतात, म्हणून एका जागी चातुर्मास. ही संथ चाल दुसऱ्या जिवांसाठी आहे. मनाची शांती तिच्या मागून येते.

मी मात्र घड्याळ बघत फिरायला जायची. एका श्रावणात चपलेखाली गोगलगाय चिरडली. तो कुरकुर आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून खाली बघून चालते. अर्ध्या तासाला पाऊण तास लागतो, घरी चहाला उशीर होतो. होऊ दे. पण आघाड्याची कोवळी रोपं, मुंग्यांची रांग, ओल्या मातीवरचे पाखरांचे पाय मला आता दिसतात. इतकी वर्षं ते तिथंच होते, बायांनो.