स्मरणार्थ

‘स्मरणार्थ’ हा शब्द आपण बहुधा पहिल्यांदा वाचतो तो पुस्तकात नाही, पंख्याच्या पात्यावर. देवळाची पायरी, शाळेची वर्गखोली, बागेतलं बाकडं, पाणपोई, सगळीकडे तो तेलरंगात किंवा संगमरवरात असतो. त्याच्या आसपास एक ‘कै.’ आणि खाली देणगीदाराचं नाव. दिवंगतांना हा शब्द इतका चिकटला आहे, की हयात माणसाच्या स्मरणार्थ कुणी बाकडं दिलं तर वाचणारा दचकेल.

हाच शब्द मराठी बायबलात येशूच्या तोंडी आहे. शेवटच्या भोजनात भाकर मोडून देताना तो शिष्यांना हे आपल्या स्मरणार्थ करायला सांगतो. वसईच्या मिस्सात आणि नगरकडच्या चर्चमधल्या प्रभुभोजनात तो आजही उच्चारला जातो. सांगणारा मात्र त्या घटकेला जिवंत आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे आजही जिवंतच आहे. शब्द चुकला, असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर संगमरवराचा भार पडलाय, एवढंच.

मूळ ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’. दिसायला परका, पण त्याच्या पोटातला ‘म्ने’ आपल्या नात्यातला आहे. संस्कृतातला ‘म्ना’ धातू त्याचा भाऊ. त्यातून ‘आम्नाय’ झाला, म्हणजे गुरूच्या तोंडून ऐकून, घोकून पुढच्यांच्या हवाली केलेलं, अर्थात वेद. प्लेटोनेही हाच ग्रीक शब्द वापरला. ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस भूमितीचा गंध नसलेल्या एका गुलाम पोराला नुसते प्रश्न विचारत चौरस दुप्पट कसा करायचा ते काढून घेतो आणि म्हणतो, हे याच्या आत होतंच, याला ते आठवलं. प्लेटोच्या आठवणीला विचार पुरतो. येशूच्या सांगण्यात भार आहे तो ‘करा’वर. भाकर मोडायची, प्याला फिरवायचा. मनात आणून भागत नाही.

हा शब्द चारही सुवार्तांत असेल असं वाटतं, पण तसं नाही. भोजनाच्या प्रसंगी तो फक्त लूकमध्ये येतो, आणि त्याआधी, इ.स. 55 च्या सुमारास पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात. मार्क आणि मत्तय भोजनाचं वर्णन करतात, पण तिथे स्मरणाचा उल्लेख नाही. त्यांनी तो ठेवलाय दोन दिवस आधीच्या बेथानीतल्या एका प्रसंगात. शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी येशू जेवायला बसलेला असताना एक बाई येते, जटामांसीच्या तेलाची कुपी फोडते आणि सगळं तेल त्याच्या डोक्यावर ओतते. जटामांसी हिमालयातली, तिचं तेल यरुशलेमेपर्यंत जायचं म्हणजे किंमत किती! बसलेल्यांनी हिशेब केलाच : तीनशेहून जास्त देनारियस. मजुराची दिवसाची मजुरी एक देनारियस, तेव्हा जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात जमिनीवर. येशू त्यांना गप्प करतो आणि सांगतो, की जगात जिथे जिथे सुवार्ता सांगितली जाईल तिथे हिने केलेलंही हिच्या स्मरणार्थ सांगितलं जाईल. एवढं लिहून मार्कने तिचं नाव दिलेलं नाही. योहानाच्या सुवार्तेत ती मरीया आहे. मार्कला नावाची गरज वाटली नाही, तिने काय केलं ते त्याला पुरलं.

नावापेक्षा कृती मोठी, हा सूर ग्रीकपेक्षा हिब्रूचा आहे. येशू ज्या परंपरेत वाढला तिच्यातला आठवणीचा धातू ज-ख-र, आणि त्याचा कर्ता बऱ्याचदा माणूस नसून देव असतो. जलप्रलयात देवाला नोहाची आठवण होते, आणि वारा सुटून पाणी ओसरायला लागतं. हन्नेची आठवण होते, आणि तिला शमुवेल होतो. मिसरातल्या गुलामांचं कण्हणं ऐकून देवाला आपला करार आठवतो, आणि मोशेला बोलावणं येतं. तोवर देव विसरला होता का, असा प्रश्न लहान मुलं विचारतात. पण या धातूत ‘आठवणं’ म्हणजे हलणं, कुणाच्या तरी बाजूने उठणं. आठवण इकडे निघते आणि परिणाम तिकडे होतो. उचकी लागली की ‘कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

या धातूचं नाव धारण केलेला माणूस म्हणजे जखऱ्या, ‘परमेश्वराला आठवण झाली’. लूकची सुवार्ता याच नावाच्या म्हाताऱ्या याजकापासून सुरू होते. त्याची बायको अलीशिबा. तिच्या नावात शपथ आहे. मुलगा योहान, त्याच्या नावात देवाची कृपा. मुलगा झाल्यावर जखऱ्या जे स्तोत्र गातो त्यात दया, कराराची आठवण आणि शपथ ही तीन एकापाठोपाठ येतात. सगळं घरच एका वाक्यात बसवलंय! लूक लिहितो ग्रीक, पण कान त्याचे हिब्रू नावांकडे असावेत.

हिब्रूतला ‘ज’ अरामीत ‘द’ होतो आणि अरबीत त्याचा ‘ध’कडे झुकणारा उच्चार होतो. म्हणून केरळातले सिरियन ख्रिस्ती 3 जुलैला प्रेषित थोमाचा सण पाळतात त्याचं नाव ‘दुख्राना’, सरळ अर्थ स्मरण. अरबीत तोच ‘धिक्र’, आपल्याकडच्या उच्चारात ‘जिक्र’, सूफींचा नामोच्चार. आणि मराठीत? कोश ‘जिकीर’चं मूळ याच जिक्रकडे नेतात. उल्लेख, मग पुन्हा पुन्हा उल्लेख, मग तगादा, आणि शेवटी जिकिरीला आणणं. ‘जिकिरीचं काम’ म्हणणाऱ्याच्या मनात प्रार्थनेचा विचारही नसतो. पण यशयाच्या 62 व्या अध्यायात याच धातूचं एक रूप आहे, ‘मज्कीरीम’ : आठवण करून देणारे. दावीद राजाच्या दरबारात ‘मज्कीर’ हे अधिकाऱ्याचं पद होतं, आणि आजच्या हिब्रूत तो शब्द सेक्रेटरीला वापरतात. यशया यरुशलेमेच्या तटावरच्या पहारेकऱ्यांना सांगतो, तुम्ही परमेश्वराला आठवण देणारे, स्वस्थ बसू नका, आणि शहर पुन्हा उभं राहीपर्यंत त्यालाही स्वस्थ बसू देऊ नका. देवाला अक्षरशः जिकिरीला आणायची आज्ञा! लूकमधल्या दृष्टान्तातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारात नेमकं हेच करते, आणि येशू तिचाच दाखला देतो.

जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी तर शेवटच्या भोजनातलं वाक्यच या अंगाने वाचलं. शिष्यांनी येशूला आठवावं असं नाही. देवाने त्याला आठवून काम पुरं करावं, यासाठी हे करा. सगळ्यांना हा अर्थ पटलेला नाही. मला तो ओढाताण केलेला वाटतो, कारण पौलाच्या पत्रात पुढच्याच ओळीत लोकांनी प्रभूच्या मरणाची घोषणा करायची आहे. पण येरेमियास यांनी आठवणीचा कर्ता बदलून दाखवला, तो मात्र हिब्रूला धरून.

ग्रीकमध्ये कबरीलाही ‘म्नेमेइऑन’ म्हणतात, आठवणीची जागा. आपला ‘स्मारक’ तसाच घडलेला. लॅटिनमध्ये हुतात्म्यांच्या कबरींना ‘मेमोरिया’ नाव पडलं. ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्ये अशा कबरींवर खीर, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली, तर दारावरच्या माणसाने अडवलं : बिशप अँब्रोज यांची मनाई आहे. तिने मुकाट्याने ऐकलं. पुढे इ.स. 387 मध्ये ओस्तिया बंदरात ती मरणाला टेकली, तेव्हा गावी, नवऱ्याशेजारी पुरायचा आग्रहही तिने सोडला. देह कुठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण करा, एवढंच मुलांना सांगितलं. कबरीवर अन्न नेण्यापासून वेदीपाशी नाव घेण्यापर्यंतचा हा पल्ला तिने एका आयुष्यात ओलांडला. वसईत 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात आणि त्यांच्यासाठी मिस्साही होतो, त्यात या दोन्ही रीती एकत्र दिसतात.

‘स्मरण’ ज्यातून आलं त्या संस्कृत ‘स्मृ’ धातूबद्दलही एक शक्यता सांगायला हवी. ग्रीक ‘मार्तुस’, म्हणजे साक्षीदार आणि पुढे श्रद्धेसाठी प्राण देणारा, हा शब्द काही भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात. काहींना ते मान्य नाही. खरं असेल तर वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांना लागणारं ‘मार्टर’ हे बिरुद आणि आपलं ‘स्मरण’ चुलत भावंडं ठरतील.

आठवणं ही कृती असेल तर विसरणंही कृतीच. यिर्मया ज्या नव्या कराराचं भाकीत करतो त्यात देव लोकांची पापं यापुढे आठवणार नाही. हा स्मृतिभ्रंश नव्हे; तो खटला चालवणार नाही, असा त्याचा अर्थ. पंचविसाव्या स्तोत्राचा कर्ता दोन्ही गोष्टी एकाच श्वासात मागून घेतो : माझ्या तरुणपणची पापं आठवू नकोस, मला आठव. त्याची निवड धूर्त आहे, आणि इतकी माणसाची, की देवाने ती ऐकलीच असेल.