पोलीस शिपाई : सातारा व सांगली जिल्ह्यांतील गस्त आणि बीट

पोलीस शिपाई हे महाराष्ट्र पोलीस दलातील भरतीचे पहिले पद. खात्याच्या कागदांत ते 'पो.कॉ.' असे लिहितात. ठाण्यात शिपाई बकल नंबराने ओळखला जातो आणि गावात वयस्कर माणसे त्याला सरसकट 'हवालदार' म्हणतात. अमेरिकेत कौंटीच्या शेरीफच्या हाताखाली गस्त घालणाऱ्या डेप्युटीचे काम या पदाच्या कामाशी बरेच जुळते. मात्र तिथला शेरीफ लोकांतून निवडून येतो आणि आपला शिपाई राज्य शासनाचा नोकर असतो. त्याची भरती जिल्हावार होते, नेमणूक जिल्हा पोलीस अधीक्षक करतात. मुंबईच्या नगरपालालाही शेरीफ म्हणतात, पण ते केवळ मानाचे पद आहे. गस्तीशी त्याचा संबंध नाही.

इंग्रजी अमदानीपूर्वी या भागात गावची राखण पाटील, रामोशी आणि जागल्या यांच्याकडे होती. 1890 च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याने जिल्हा पोलिसांना एक चौकट मिळाली, तरी सांगली, मिरज, जत या संस्थानांचा कारभार स्वातंत्र्यापर्यंत वेगळाच होता. 1949 मध्ये जुना सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी, 1942 नंतरच्या काही वर्षांत, वाळवा, तासगाव, खानापूर भागातल्या अनेक गावांनी आपले तंटे सरकारी ठाण्याऐवजी नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या न्यायमंडळांपुढे नेले. गावाने पाठ फिरवली की ठाणे नुसते कागदावर उरते, हे या मुलखाने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. इथल्या शिपायाच्या कामाचे वर्णन करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. आज त्याची कर्तव्ये मुख्यतः 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 64 मध्ये सांगितली आहेत. गावातला त्याचा जोडीदार म्हणजे पोलीस पाटील. हे पद 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली येते.

भरतीसाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण हवा. पुरुषांना किमान 165 सेंमी. आणि महिलांना 155 सेंमी. उंचीची अट आहे. मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. पुढे 100 गुणांची लेखी परीक्षा मराठीत होते. महिलांसाठी 30 टक्के आरक्षण आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली खटाव-माणपासून जत-आटपाडीपर्यंत कुठेही दिसतात. कोरडवाहू तालुक्यांत सैन्य आणि पोलीस या दोन भरत्यांवर कित्येक घरांची आशा टेकलेली असते. तासगाव तालुक्यातील तुरची येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षणात कवायत, हत्यारांचा सराव आणि कायदा हे तीन मुख्य भाग असतात.

ठाण्यात रुजू झालेल्या शिपायाच्या वाट्याला लगेच बीट येत नाही. आधी पहारा, लॉकअप गार्ड, टपाल, समन्स-वॉरंटची बजावणी, आरोपीला वैद्यकीय तपासणीला आणि कोर्टात नेणे ही कामे येतात. ती किरकोळ मानली जातात, पण ते बरोबर नाही. समन्स बजावायला दहा वाड्या पायाखाली घातल्याशिवाय हद्द कळत नाही. ठाण्याच्या हद्दीचे बीट पाडलेले असतात. मोठ्या गावी दूरक्षेत्र असते, बीटचा प्रमुख हवालदार किंवा सहायक फौजदार असतो आणि शिपाई त्याच्या हाताखाली. सुरुवातीच्या शिपायाची खरी शाळा हीच.

चांगला बीट शिपाई म्हणजे चालतीबोलती नोंदवही. कोणाच्या बांधावरून भावकीत धुसफुस आहे, कोणती पाणंद कोणी नांगरली, शिक्षा भोगून कोण परत आला, कोणत्या वस्तीवर म्हातारी एकटी राहते, कोणत्या विहिरीवरच्या मोटारी आणि केबली वारंवार चोरीला जातात, हे त्याला न विचारता सांगता आले पाहिजे. बांधाचे भांडण आधी अदखलपात्र नोंदीच्या रूपाने ठाण्यात येते. तेव्हाच शिपायाने दोन्ही घरी जाऊन परिस्थिती पाहिली आणि वरिष्ठांना खरी माहिती दिली, तर प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ठाण्याच्या भाषेत चॅप्टर केस, वेळेत होते. नाहीतर तीच माणसे पुढच्या नांगरटीला कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर येतात. तंटे गावातच मिटावेत म्हणून 2007 मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातील अंजनीचे होते, त्यामुळे या खेड्यांची घडण त्यांना घरचीच होती.

रात्रगस्तीचे स्वरूप मुलखाप्रमाणे बदलते. शहरात पेठा, सराफी दुकाने, एटीएम आणि देवळांच्या दानपेट्या पाहायच्या असतात. जत, आटपाडी, माण भागात वस्त्या दूरदूर विखुरलेल्या. एका फेरीत सगळ्या होत नाहीत, म्हणून वेळ आणि वाट रोज बदलावी लागते. पाटण-जावळीच्या डोंगरात पावसाळ्यात धुके आणि दरडी असतात, मोबाईलला रेंज नसते. ऊसहंगामात वाळवा, पलूस, कराडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला तर दुचाकीस्वार थेट उसाच्या मोळ्यांवर आदळतो. असा ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावणे हे चोर पकडण्याइतकेच मोलाचे काम आहे.

112 वर कॉल आला की घटनास्थळी पहिल्यांदा बहुधा शिपाईच पोहोचतो. जखमीला दवाखान्यात पाठवणे, गर्दी मागे सारणे, रक्ताचे डाग आणि पावलांचे ठसे तुडवू न देणे, आपण किती वाजता पोहोचलो आणि तिथे कोण होते हे टिपून ठेवणे, ही पहिल्या दहा मिनिटांतली कामे. नंतर कितीही मोठा अधिकारी आला तरी ती दहा मिनिटे परत मिळत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करावे लागते, त्यामुळे मोबाईल नीट हाताळणेही आता कौशल्यात मोडते. मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचवण्याचे काम शिपायाकडे येते. वाटेत लाखेचे सील तुटले किंवा पोच घ्यायची राहिली, तर काही वर्षांनंतर कोर्टात आरोपीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.

शिपायाला अधिकार आहेत, पण ते कायद्याने आखलेले आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मधल्या परिस्थितीत तो वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. मात्र त्याच संहितेच्या कलम 36 प्रमाणे त्याच्या अंगावर वाचता येईल असे नाव हवे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हायला हवा. 24 तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणे प्रभारी देतो, आणि ठाणे प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. शिपायाने मनाने लाठी चालवायची नसते. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात अधिकाऱ्याबरोबर खालच्या पदांवरच्या पोलिसांनाही अटक झाली. वरिष्ठाचा बेकायदा हुकूम हा बचाव होऊ शकत नाही, ही गोष्ट प्रशिक्षणात कवायतीपेक्षा जास्त वेळा सांगायला हवी.

बंदोबस्त हा नोकरीतला सर्वांत थकवणारा भाग. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे पुढे जाते. त्या दिवसांत शिपाई रस्त्यावरच जेवतो. पाल, पुसेगाव, शिखर शिंगणापूर येथील यात्रा, कडेगावचा मोहरम, तासगावचा रथोत्सव हे वर्षाचे ठरलेले बंदोबस्त. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे 300 भाविक गेले. गर्दी कुठे अरुंद होते, पायऱ्या कुठे निसरड्या झाल्या, आत जाणारी आणि बाहेर येणारी माणसे कुठे एकमेकांना भिडतात, हे उभ्या जागेवरून ओळखून वरती कळवणे ही शिपायाचीच जबाबदारी. कृष्णेच्या पुराचेही तसेच. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर धोका धरतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. पूरकाठी ड्युटी असलेल्या शिपायाला पोहता येणे आणि बोटीत किती माणसे चढू द्यायची हे ठामपणे सांगता येणे, दोन्ही आवश्यक आहे.

पगार सातव्या वेतन आयोगाच्या 21,700 ते 69,100 या श्रेणीत आहे. 12 तासांची ड्युटी ही जुनी रीत. 2022 मध्ये महिला पोलिसांसाठी ती 8 तासांवर आणण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी पोलीस नाईक हे पद मोडीत निघाले, त्यामुळे शिपायाची पुढची पायरी आता थेट हवालदार. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत याच वाटेने सहायक उपनिरीक्षक झाले होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात, गिरगाव चौपाटीवर हाती फक्त लाठी असताना त्यांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

ठाण्याच्या दारात फिर्यादीला पहिला भेटतो तो शिपाई. कराड आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवर गुन्हा घडला तरी 'ही आमची हद्द नाही' म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला लगेच, विनामूल्य द्यावी लागते. फिर्यादीने ती प्रत मागून घ्यावी, वाचावी आणि जपून ठेवावी.