कापरेकरांची चौथी पायरी

संगणकाच्या आज्ञाभाषांना काही कामे मुळातच येत असतात: यादी क्रमाने लावणे, शब्द उलटा करणे, अक्षरे मोजणे. या अंगभूत फलनांचे सोंग आता भाषा-प्रारूपाकडून, म्हणजे रूढ शब्दांत लँग्वेज मॉडेलकडून, वठवून घेतले जाते. फलनाचे नाव आणि आकडे सांगायचे. हिशेब करणारी आज्ञावली मागे नसतेच, प्रारूप शोभेलसे उत्तर लिहिते. अनुकरण आणि कृती यांतील अंतराचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. तो या क्षेत्रात तपासायला आम्हा नाशिककरांपाशी घरचेच उदाहरण आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून गणितज्ञांत उपेक्षाच अधिक. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तेच पुन्हा करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. त्यांचे जन्मवर्षच पाहा: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१; पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. (मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले.)

ही रीत म्हणजे अंक लावण्याची दोन फलने आणि एक वजाबाकी. प्रारूपाला १९०५ देऊन अखेरचे उत्तर विचारावे, तर ६१७४ सहज मिळेल. कापरेकरांविषयीचा मजकूर त्याच्या वाचनात असतोच. चौथ्या पायरीला कोणती संख्या, असे एकदम विचारले तर मात्र चुकण्याचा संभव वाढतो. पायऱ्या एकेक लिहायला लावल्या की उत्तर सुधारते. प्रारूप आकडे पुष्कळदा तुकड्यांनी वाचते, अंकाअंकाने नव्हे. लांब यादी लावताना एखादी नोंद गळते किंवा दुबार येते, आणि वाक्याचा डौल जराही ढळत नाही. गाईडवरून उतरवलेली उत्तरपत्रिका ज्यांनी तपासली आहे त्यांना हा डौल परिचित असेल.

तरीही पाठांतराला सरसकट हिणवणे आम्हाला मान्य नाही. पंतोजींच्या शाळेत पोरे पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकत. त्यांचे उत्तर स्मरणातून येई आणि बरोबरही असे. घोकलेल्यापलीकडचा आकडा आला की पाटी घ्यावी लागे. अलीकडची प्रारूपेही अनेकदा अशा वेळी खरी आज्ञावली चालवून घेतात. ती त्यांची पाटी. पाटी केव्हा घ्यायची, हे ओळखण्यात मात्र ती अजून चुकतात.

तोंडी परीक्षेत आम्ही निष्कर्ष फारसा विचारत नाही. चौथी पायरी विचारतो. कोणत्या ओळीवरून या मतावर आलात?